पुट्टीखाली गेलेली भेग

अमळनेरला स्वतःच्या प्लॉटवर घर बांधलं. ठेका मटेरियलसकट, आणि करारनामा म्हणजे ठेकेदाराच्या डायरीतलं एक पान: ‘लोखंड चांगलं, सिमेंट चांगलं.’ चांगलं म्हणजे कोणतं, हे विचारलं नाही. नात्यातून आलेला माणूस, बरं दिसलं नसतं.

काळ्या मातीत पाया मुरूम लागेपर्यंत खणायचा, हे आपल्याकडे शाळेतलं पोरही सांगेल. ती माती पावसात फुगते, उन्हाळ्यात फाटते. माझे खड्डे साडेतीन फुटांवरच थांबले. मी त्या दिवशी ड्युटीवर. स्लॅब पडला मे महिन्यात. खान्देशातला मे! पीपीसी, म्हणजे राख मिसळलेल्या सिमेंटचा स्लॅब अशा उन्हात १४ दिवस ओला हवा, आळे करून पाणी साठवून. माझ्या स्लॅबवर ५ दिवस पाइपाने शिंपडलं, सहाव्या दिवशी मिस्तरी लग्नाला गेला.

पहिल्याच पावसाळ्यानंतर खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी भेग निघाली, हॉलचं छत ओलावलं. ठेकेदार म्हणाला, ‘टेन्शन नका घेऊ भो, एअर क्रॅक आहे, वरवरची भेग.’ पुट्टी भरली, रंग मारला. मी वर चहाही पाजला. खरा फसलो तो इथे. पुरावा झाकला गेला आणि ‘दिवाळीनंतर पाहू’ करत वर्ष गेलं. भेग पुन्हा आली, आता बोट जाईल एवढी.

वकिलांनी सांगितलं ते आधी कळायला हवं होतं. बिल्डरकडून घेतलेल्या, रेरात (बांधकाम प्रकल्पांवर देखरेख करणाऱ्या सरकारी प्राधिकरणाकडे) नोंदलेल्या फ्लॅटला ताबा मिळाल्यापासून ५ वर्षांत बांधकामाचा दोष दाखवला, तर बिल्डरने तो ३० दिवसांत फुकट दुरुस्त करून द्यायचा असतो. आमच्यासारख्या प्लॉटवाल्यांना ती सोय नाही. पण २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात घरबांधणी ही सेवा आहे, तक्रार जिल्हा आयोगात करता येते. मुदत २ वर्षं. माझी निम्म्याहून जास्त पुट्टीत गेली.

हाताशी राहिलं काय, तर मुलाने मोबाइलवर काढलेले पायाचे फोटो आणि फोनवरून पाठवलेले हप्ते. रोख दिलेल्या पैशांचा कागद नाही. म्हणून त्रयस्थ इंजिनिअरला बोलावलं. त्याने रिबाउंड हॅमरने, म्हणजे काँक्रीट न फोडता त्याची मजबुती पाहणाऱ्या यंत्राने, स्लॅब तपासून लेखी अहवाल दिला. तुमच्याकडे भेग दिसली तर हा अहवाल होईपर्यंत तिला कुणाला हात लावू देऊ नका.

ठेकेदाराला नोटीस रजिस्टरने गेली, तिसऱ्या दिवशी फोन. ‘घरातल्या घरात मिटवलं असतं ना भो.’ संध्याकाळी एक पोरगा दारात, हातात पुट्टीचा डबा. त्याला तसाच परत पाठवला.