८×४२ दुर्बीण, वापरानंतरचा अनुभव: काच उत्तम, पण उजवी कडी सरकते

आकडे सगळ्यांना ठाऊक आहेत: ८ पट, ४२ मिमीचं भिंग, बॅक-४ (म्हणजे चांगल्या प्रतीच्या काचेचं) प्रिझम, आत वाफ धरू नये म्हणून नायट्रोजन, किंमत १५,००० च्या आत. त्यावर वेळ घालवत नाही. अलास्कातल्या सेवर्डहून सुटणारी केनाई फ्योर्ड्स या राष्ट्रीय उद्यानाची बोट, नंतर कारवारचा समुद्र आणि मग बेळगावचा अख्खा पावसाळा, एवढं झाल्यावर या दुर्बिणीबद्दल एकच मोठं गाऱ्हाणं उरलंय. उजव्या आयपीसवरच्या, म्हणजे डोळा लावायच्या भिंगावरच्या, डायॉप्टर कडीला लॉक नाही.

दोन डोळ्यांच्या नंबरात जो फरक असतो, तो या कडीने भरून काढायचा. उजवं भिंग हाताने झाकून मधल्या चाकाने डाव्या डोळ्याचा फोकस जुळवायचा. मग डावं झाकून, चाकाला हात न लावता, तीच वस्तू उजव्या डोळ्याला कडीने स्पष्ट करायची. हे एकदाच करायचं काम आहे. पण या मॉडेलमध्ये कडी नुसत्या ग्रीसच्या पकडीवर उभी आहे. बोटीवर पाण्याचे शिंतोडे येतात म्हणून दुर्बीण जॅकेटच्या आत-बाहेर होत राहते आणि दरवेळी चेन कडीला घासते. कडी दोन खुणा सरकली की उजवं चित्र मऊ पडतं. ते लगेच लक्षात येत नाही, कारण डावा डोळा भागवून नेतो. थोड्या वेळाने भुवईपाशी ठणका लागतो आणि डोकं जड होतं. हलत्या बोटीत माणूस म्हणतो, बोट लागली. गोळी घेतो, पण कडी सरकलेली ती सरकलेलीच.

घटप्रभेच्या धुपदाळ बंधाऱ्यावर उभं राहून करकोचे बघणाऱ्याला हा दोष कधी कळणारही नाही. तिथे वेळच वेळ असतो. सेवर्डला रेझरेक्शन बेमध्येही तसंच, सी ऑटर (समुद्री पाणमांजरं) पाठीवर निवांत तरंगत असतात. पण आयालिक केपला वळसा घालताना खुला समुद्र लागतो, लाट मोठी होते आणि डॉल्स पॉरपॉइज (डॉल्फिनसारखे छोटे प्राणी) बोटीच्या नाळेपुढून ताशी ५० किमीच्या वेगाने कापत जातात. काळी-पांढरी पाठ सेकंदभर दिसते. हंपबॅक देवमासा चार-पाच वेळा श्वास घेऊन शेपटी वर करतो आणि कित्येक मिनिटं खाली जातो. तेवढ्यात कडी कोण जुळवणार? आणि जवळ जाता येत नाही. अलास्कात हंपबॅकपासून १०० यार्ड, म्हणजे सुमारे ९१ मीटर, लांब राहण्याचा कायदाच आहे. चिझवेल बेटांच्या कड्यांवरच्या दोन जातींच्या पफिन या समुद्रपक्ष्यांमधला फरक, एकाच्या डोळ्यावरचं शिंगासारखं टोक आणि दुसऱ्याच्या पिवळट शेंड्या, हे सगळं दुर्बिणीवरच अवलंबून.

आता हिच्या बाजूने बोलायचं तर आयालिक हिमनदीसमोर हिने पैसे वसूल केले. इंजिन मंद करून बोट साधारण ४०० मीटरवर उभी असेल, तर ८ पटीने ती भिंत ५० मीटरवर येते. निळ्या भेगा, बर्फात अडकलेले दगड, तुकड्यांवर पहुडलेले हार्बर सील, सगळं कोरल्यासारखं दिसतं. एक गोष्ट नीट ध्यानात ठेवा: ४०० मीटरवरून बर्फ तुटल्याचा आवाज पोचायला सव्वा सेकंद लागतो. कडाड ऐकून दुर्बीण उचलली तर बर्फ निम्म्यात आलेला असतो. ज्या भागातून बारीक चुरा सतत गळतोय, तिथे आधीच नजर लावून ठेवायची. मोठा तुकडा बऱ्याचदा तिथूनच सुटतो.

१० पटीची का नको, असं बरेच जण विचारतात. हाताचं आणि बोटीचं हलणंही १० पट दिसतं म्हणून नको. शिवाय ४२ ला १० ने भागलं तर डोळ्यात शिरणारा प्रकाशाचा झोत ४.२ मिमीचा, ८ ने भागलं तर ५.२५. हलत्या डेकवर डोळा जागेवर ठेवायला तो एक मिलिमीटर फार उपयोगी पडतो.

थंडीत मधलं चाक जड होतं, हातमोज्यातून दोन बोटं लावावी लागतात. डेकवरून ऊबदार केबिनमध्ये गेलं की बाहेरच्या काचेवर वाफ धरते. पुसत बसू नका, दुर्बीण बाहेरच ठेवा किंवा पिशवीत बंद करून आत न्या. वाफ आतल्या बाजूने दिसली तरच काळजी, म्हणजे दुर्बिणीचं सील गेलं.

दुरुस्तीचं मात्र ऐकाच. कंपनीच्या फॉर्मवर ५९० ने सुरू होणारा, म्हणजे बेळगावकडचा, पिनकोड टाकला की बेंगळुरूचंच केंद्र येतं, म्हणजे ५०० किमी. पुण्याचं केंद्र ३४० किमीवर, पण “तुमचं राज्य कर्नाटक” म्हणून ते घ्यायला तयार नाहीत. जाण्याचं कुरियर आपल्या खर्चाने. दुर्बीण परत आली ती तशीच, सोबत चिठ्ठी: कडी मोकळी असणं सामान्य आहे. १५,००० च्या वस्तूला हे उत्तर! मनापासून राग आला आणि तो अजून आहे.

इथवरचं बहुतेक कारवारच्या आधी लिहिलं होतं. नंतर मत थोडं बदललं, कारण उपाय सापडला आणि तो फुकटचा आहे. सायकलच्या जुन्या ट्यूबची ५-६ मिमी रुंद चकती कापायची, आयपीसपेक्षा किंचित लहान व्यासाची. ती ताणून कडी आणि नळी यांच्या सांध्यावर अशी बसवायची, की निम्मी कडीवर, निम्मी नळीवर येईल. त्याआधी आपल्या डोळ्याच्या खुणेवर व्हाइटनरचा ठिपका द्यायचा. कडी मुद्दाम फिरवली तर फिरते, घासून फिरत नाही. इन्शुलेशन टेप लावू नका, बेळगावच्या एप्रिलमध्ये गोंद वितळून कडीत शिरतो. रबर चिकट झालं की बदलायचं.

या चकतीसह कारवारच्या कुरुमगड बेटाजवळ हंपबॅक डॉल्फिन बघताना कडी जागची हलली नाही. परत आल्यावर मीठ कोरडं पुसू नये, स्फटिकांनी कोटिंगवर चरे पडतात. सीलबंद दुर्बीण असेल तर आधी नळाच्या बारीक धारेखाली गोड्या पाण्याने धुवा, मगच कापड लावा.

खानापूर, जांबोटी, कणकुंबी भागातल्यांनी रेक्झिनच्या केसमध्ये पावसाळ्यात दुर्बीण ठेवूच नये, काचेवर बुरशी हमखास धरते. घट्ट झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा आणि त्यात सिलिका जेल. केशरी दाणे हिरवे झाले की मंद आचेवर कढईत परतून पुन्हा केशरी करायचे, आणि पूर्ण गार झाल्यावरच डब्यात टाकायचे.

सेवर्डसाठी नवीन घेत असाल तर दुकानात आधी कडी करंगळीने ढकलून बघा. सहज सरकली तर लॉकवाली मागा. दोन-तीन हजार जास्त पडले तरी घ्या, बेंगळुरूच्या कुरियरपेक्षा आणि त्या मनस्तापापेक्षा ते परवडतं. चष्मा असेल तर आय रिलीफ, म्हणजे पूर्ण चित्र दिसताना डोळा आणि भिंग यांत राहणारं अंतर, १६ मिमीच्या वर हवा. शेवटी लांबच्या विजेच्या तारेवर नजर लावून दोन्ही डोळ्यांनी बघा: एका तारेच्या दोन तारा दिसल्या तर प्रिझम हललेलं आहे, तो नग परत द्या.