गिरवण्याची वही, मणी, कात्री की पिठाचा गोळा: आधी काय?

शाळा तोंडावर आली की गिरवण्याची वही आणायची घाई होते. आमच्या मते ती सर्वांत शेवटी यावी. तीन-चार वर्षांच्या मुलाच्या मनगटात बरीचशी अजून कूर्चाच असते, हाड व्हायला वेळ असतो. त्यामुळे लिहिण्याआधी हात तयार करायला या चारांतलं काय घ्यायचं, ते वय नव्हे, हात बघून निवडा.

रेघ फिकी उमटते, बोटं लवकर थकतात? मग पीठ. 2 वाट्या मैदा, 1 वाटी मीठ, 1 चमचा तेल, आणि पाऊण वाटी पाणी हळूहळू घालत घट्ट मळा. सैल गोळा मुलांना आवडतो, पण बोटांना त्यात कामच उरत नाही. तळहाताने लाटण्यापेक्षा चिमटीने तोडून वाटाण्याएवढ्या गोळ्या वळायला लावा. मीठ भरपूर असल्याने तो खाऊ देऊ नका.

मणी ओवताना डोळा आणि दोन्ही हात एकत्र चालतात, ताकद मात्र फार वाढत नाही. दोऱ्याचं टोक 3-4 सेंमी चिकटपट्टीने ताठ करा, नाहीतर मूल कंटाळून उठतं. तीन वर्षांखाली मणी नकोतच, घशात अडकतात.

एकच निवडायचं तर कात्री. एक हात कापतो, दुसरा कागद फिरवतो, आणि खरं शिक्षण त्या दुसऱ्या हाताचं होतं. सुरुवात कार्डपेपरच्या 2 सेंमी रुंद पट्टीने करा, म्हणजे एका कचक्यात तुकडा पडतो. पातळ कागद पात्यांत दुमडतो, आणि दोष मुलाला लागतो! कोपर बाहेर जात असेल तर अंगठा खाली वळलाय. अंगठ्याच्या नखावर डोळ्यांचं चित्र काढा आणि ‘याला वर बघू दे’ म्हणा. सरळ रेघ जमली की गोल. डावखुऱ्याला डावखुरीच कात्री हवी, उजवीच्या पात्यामागे त्याची रेघ झाकली जाते.

आता वही. अधिकचं चिन्ह आणि चौकोन बघून काढता येण्याआधी ठिपके जोडले, तर अक्षर बरोबर दिसतं पण हात उलट दिशेने फिरलेला असतो. ती सवय मोडणं कठीण. वही घेतलीच असेल तर रोज पाच मिनिटं, तीही 3 सेंमीच्या खडूच्या तुकड्याने. तो मुठीत धरताच येत नाही, चिमूट आपोआप होते.

पाच वर्षं उलटूनही पेन्सिल मुठीतच राहत असेल, तर ऑक्युपेशनल थेरपिस्टला, म्हणजे हाताच्या रोजच्या कामांचा सराव करून घेणाऱ्या तज्ज्ञाला दाखवा.