नेपथ्याच्या वर्कशॉपमधून केलेला एक ऑनलाइन कोर्स

२२ वर्षं मी नाटकांचं नेपथ्य करतेय. एवढ्या काळात आमचं वर्कशॉप दोनदा हललं, आणि दोन्ही वेळा कारण एकच. आजूबाजूला गॅलऱ्या आल्या, स्टुडिओ आले, भाग नावारूपाला आला आणि जागामालकाने करार पुढे वाढवला नाही. त्यामुळे सर्जनशील उद्योग आणि शहरविकास या विषयावरचा आठ आठवड्यांचा कोर्स दिसला तेव्हा मी लगेच नाव नोंदवलं. शहरांची सांस्कृतिक धोरणं आखणाऱ्यांना नेमकं काय शिकवतात, हे मला जाणून घ्यायचं होतं.

पहिला आठवडा व्याख्यांचा. ब्रिटिश सरकारने १९९८ मध्ये जाहिरातीपासून सॉफ्टवेअरपर्यंत १३ क्षेत्रं सर्जनशील उद्योग म्हणून मोजली, तिथून सुरुवात होते. मी कंटाळले होते, तेवढ्यात ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी मांडलेला ‘क्रिएटिव्ह ट्रायडंट’ आला. त्रिशूळच तो. एका टोकाला सर्जनशील क्षेत्रात राहून सर्जनशील काम करणारे, दुसऱ्याला त्याच क्षेत्रात हिशेब, वाहतूक, सुतारकाम असली पूरक कामं करणारे, आणि तिसऱ्याला इतर उद्योगांत बसून सर्जनशील काम करणारे. म्हणजे मी पहिल्या टोकावर, आमचे सुतार दुसऱ्या आणि फर्निचरच्या कारखान्यात डिझाइन करणारी माझी जुनी सहकारी तिसऱ्या. आमच्या सुतारांना कुठल्याही मोजणीत जागा आहे, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

तिसरा आठवडा स्पेनमधल्या बिल्बाओ शहराचा, आणि एवढ्यासाठीसुद्धा हा कोर्स करावा. वास्तुरचनाकार फ्रँक गेरींचं गुगेनहाइम कलासंग्रहालय १९९७ मध्ये उघडलं आणि शहर पालटलं, अशी गोष्ट सगळीकडे सांगितली जाते. इथले प्राध्यापक १९८३ च्या महापुरापासून, बंद पडणाऱ्या पोलाद आणि जहाजबांधणीच्या कारखान्यांपासून सुरुवात करतात. मग नेर्व्हिओन नदीची सफाई, शहरातून समुद्राकडे नेलेलं बंदर, नॉर्मन फॉस्टर यांनी स्थानकं रचलेली १९९५ ची मेट्रो. संग्रहालय बऱ्याच उशिरा येतं. फ्लॅटला, म्हणजे रंगमंचावर भिंत म्हणून उभ्या करायच्या रंगवलेल्या चौकटीला, मागून टेकू नसेल तर तो कितीही सुंदर रंगवा, उभा राहत नाही, हे आमच्या धंद्यात पहिल्या दिवशी शिकवतात. संग्रहालय म्हणजे समोरून दिसणारा फ्लॅट; टेकू न बघता नुसता फ्लॅट उचलून आपल्या गावात आणू पाहणाऱ्यांनी हा व्याख्यानाचा तास दोनदा ऐकावा.

जर्मनीतल्या रूर खोऱ्याचा भागही चांगला आहे. १९८६ मध्ये बंद पडलेली त्सोलफेराइन ही कोळसा खाण पाडली नाही, सांभाळली, आणि २००१ मध्ये ती जागतिक वारसा झाली. इथे मात्र व्हिडिओ फार भराभर पुढे सरकतात आणि सबटायटल्समध्ये गावांची नावं ओळखू येत नाहीत. क्विझ नुसत्या स्मरणशक्तीची परीक्षा घेतात.

माझी खरी तक्रार शेवटच्या आठवड्याबद्दल आहे. काम करणाऱ्या माणसांना अख्ख्या कोर्समध्ये जेमतेम ४० मिनिटं. आयर्लंडने २०२२ पासून २००० कलाकारांना आठवड्याला ३२५ युरो देऊन पाहिले, तो प्रयोग नीट समजावला आहे, पण जागेच्या हक्काबद्दल जवळजवळ काहीच नाही. आमचं दुसरं वर्कशॉप जायच्या आधी शेजारी नवी इमारत झाली होती. तिथले रहिवासी आमच्या करवतीच्या आवाजाची तक्रार करायचे. आम्ही तिथे त्यांच्या कितीतरी आधीपासून होतो. ‘एजंट ऑफ चेंज’ या तत्त्वानुसार, जो नंतर बांधतो त्याने आवाजाचा बंदोबस्त करायचा. ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्याने हे २०१४ मध्ये नियोजनात आणलं, इंग्लंडने २०१८ मध्ये. कोर्समध्ये याचा उल्लेखही नाही. मला ते दुसरीकडे वाचायला मिळालं, आणि मी माझी शेवटची असाइनमेंट त्यावरच लिहिली.

ती असाइनमेंट तपासणाऱ्या एका सहविद्यार्थ्याने समासात एकच प्रश्न लिहिला होता: जागा कोणाच्या नावावर असायला हवी? त्या प्रश्नासाठी मी त्याची आभारी आहे. उत्तर शोधताना पूरक वाचनाच्या यादीत, अगदी तळाला, सॅन फ्रान्सिस्कोच्या कम्युनिटी आर्ट्स स्टॅबिलायझेशन ट्रस्टची माहिती सापडली. २०१३ मध्ये सुरू झालेली ही संस्था इमारत स्वतः घेते, कलासंस्थेला पैसे उभे करायला वर्षं देते आणि मग तीच इमारत त्यांना विकत घेऊ देते. एवढं महत्त्वाचं उदाहरण पूरक वाचनात टाकायला नको होतं.

नगर नियोजन, पर्यटन किंवा सांस्कृतिक खात्यात काम करणाऱ्यांनी कोर्स जरूर करावा. कलाकारांनी तिसरा आणि आठवा आठवडा बघून थेट पूरक वाचनाकडे वळावं. आमच्या तिसऱ्या वर्कशॉपचा करार संपायला १४ महिने आहेत. त्या यादीतली चार पानं छापून मी आमच्या सगळ्यांना वाचायला दिली आहेत आणि पुढच्या आठवड्यात मालकांशी पहिली बैठक आहे.