फाटकाच्या बंद गोळ्यात 12 वॉट नकोच: आठ महिन्यांचा अनुभव (इंदूर)

फाटकाच्या डाव्या खांबावरचा दुसरा 12 वॉटचा एलईडी बल्ब गेल्या आठवड्यात गेला. उजवीकडचा त्याच कंपनीचा 7 वॉटचा एप्रिलपासून सुरू आहे. दोन्हीकडे सारखेच काचेचे बंद गोळे, एकच लाईन, एकच बटण. दुकानदार म्हणतो, बंद गोळ्यात लावला तर वॉरंटी नाही. खोक्यावर बारीक अक्षरात तसं आहेही, पण बाहेरच्या दिव्यासाठी बल्ब मागितला तेव्हाच हे सांगायला हवं होतं. राग त्याचाच आहे.

गोळ्यावर 'कमाल 60 वॉट' छापलेलं असतं, त्यानं फसायला होतं. तो आकडा जुन्या तारेच्या बल्बसाठी, होल्डर आणि वायर जळू नये म्हणून. एलईडीचं दुखणं वेगळं. त्याची उष्णता बुडाशी, ड्रायव्हरमध्ये (एलईडीला हवी तशी वीज करून देणाऱ्या सर्किटमध्ये) कोंडते आणि तिथला कपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारा छोटा डबा, तापमानाच्या दर 10 अंश वाढीला साधारण निम्मं आयुष्य गमावतो. मेलेला बल्ब उघडून पाहिला: एलईडीचे ठिपके सगळे धड, कपॅसिटरचं सपाट डोकं मात्र फुगून वर आलेलं, शेजारचं प्लास्टिक पिवळं पडलेलं. इंदूरच्या मे महिन्यात काच संध्याकाळी सातलाही गरम लागते, त्यात 12 वॉट कोंडायचे म्हणजे बल्ब भाजायलाच ठेवणं.

उजेडाचं म्हणाल तर 7 वॉट जुन्या साठाच्या आसपास जातो. कुलूप, कडी, घराचा नंबर स्पष्ट दिसतो. पायऱ्यांना 3 वॉटही चालतो. लांब बोळाला मात्र बल्ब लावूच नका, खाली तोंड केलेला 10 वॉटचा फ्लड (रुंद झोताचा दिवा) घ्या, आयपी 65 (धूळ-पाणी आत न जाण्याचा दर्जा) बघून.

पिवळा उजेड आधी मिणमिणता वाटला होता. जुलैत मत बदललं: पांढऱ्या दिव्याच्या गोळ्यात बोटभर किडे, पिवळ्याच्यात जेमतेम चिमूटभर.

फटी बुजवायच्या सिलिकॉनबद्दलही मत तसंच बदललं. आधी गोळा सगळीकडून बंद केला, तर सप्टेंबरात तळाशी पाणी साचलं; आत वाफ धरते आणि तिला वाट नसते. आता वरची कड आणि वायरचं तोंड बंद, खाली पत्र्याच्या बैठकीला 4 मिमीचं छिद्र. होल्डर चिनी मातीचा.

डिसेंबरात दिवे तेरा तास जळतात. दोन्ही खांबांवर 12 ऐवजी 7 लावले तर महिन्याला चारेक युनिट वाचतात. दोन मेलेल्या बल्बांचे पैसे त्याहून जास्त गेले.