जमीन, गुलाम आणि वाटणी : सदाशिव पेठेतल्या अभ्यासवर्गाचा रिव्ह्यू

अमेरिकेतल्या जुन्या जमीनदारांची मृत्युपत्रं वाचायचा वर्ग पुण्यात चालतो आणि लोक फी भरून येतात हे मला मैत्रिणीकडून कळलं, विषय वाचून लगेच नाव घातलं. सदाशिव पेठेत, शनिवार-रविवार संध्याकाळी. संस्थेचं नाव लिहीत नाहीये कारण खाली तक्रारी पण आहेत आणि ही मंडळी छोटी आहेत, मनापासून करतात, कुणी नावावरून तुटून पडायला नको. माझं काम सर्च रिपोर्टचं, म्हणजे मिळकतीचा मालकी-इतिहास तपासायचं, दिवसभर इंडेक्स टू, फेरफार, वाटणीपत्रं, हक्कसोडपत्रं हेच बघायचं, त्यामुळे कागद कसे वाचायला शिकवतात यावर माझं लक्ष जास्त होतं.

आधी चांगलं सांगते. शिकवणाऱ्या मॅडमची पद्धत जबरदस्त आहे. प्रत्येक केसला दोन कोरे कागद देतात, एकावर मालकाची वंशावळ काढायची आणि दुसऱ्यावर त्याच्याकडे गुलामीत असलेल्या एका कुटुंबाची, आणि मग मृत्युपत्र किंवा वाटणी जसजशी वाचत जाऊ तसतसं दुसऱ्या कागदावरचं माणूस कुठल्या वारसाकडे गेलं ते लिहायचं. पहिल्या कागदावर सगळं नीट, कायदेशीर, भावाभावांत भांडण नाही, प्रत्येकाला आपापला हिस्सा. आणि त्याच वाटणीने दुसऱ्या कागदावरची आई एका शेतावर, मुलगी दुसऱ्या जावयाकडे. कोणी दुष्टपणे मुद्दाम तोडलं म्हणून नाही, हिस्से समान पडायला पाहिजेत म्हणून. गुलामगिरीबद्दल वाचताना चाबूक, लिलाव, जहाजं हे सगळं वाचलेलं असतं पण अशी साधी घरगुती वाटणीसुद्धा कुटुंबं फोडायची हे मला या वर्गाने शिकवलं आणि माझ्या मते वर्गाची खरी किंमत तीच आहे.

कायदा त्या थोडक्यात आणि नेमका सांगतात. व्हर्जिनियात १६६२ साली कायदा झाला की मूल आईच्या दर्जाचं, आई गुलाम तर मूल गुलाम, बाप कोणी का असेना. म्हणजे बाप स्वतः मालक असला तरी मूल त्याची मालमत्ताच. मग १७०५ मध्ये तिथे गुलामांना वारसाहक्कापुरतं चक्क स्थावर मिळकत ठरवलं, जमिनीसारखं, पण कर्जवसुलीत मात्र जंगम मालासारखं विकता येत होतं. हे ऐकून आमच्या बॅचमधले एक रिटायर्ड सब-रजिस्ट्रार काका म्हणाले, माणसाला स्थावर म्हणायचं आणि त्यालाच गाडीत घालून न्यायचं, आणि मग बराच वेळ कोणीच काही बोललं नाही. १७२७ पासून तर गुलामांना जमिनीला कायमचं जोडून टाकता यायचं, म्हणजे ती जमीन ज्या वारसाकडे जाईल त्याच्याकडे ती माणसं आणि त्यांची पुढची पोरंबाळं. जमीन अशी पिढ्यान्‌पिढ्या बांधून ठेवायची पद्धत तिथे १७७६ साली गेली, मृत्युपत्र नसेल तर सगळी जमीन थोरल्या मुलाला हा नियम १७८५ मध्ये रद्द झाला. मुलांमध्ये समान वाटणी आली, आपण म्हणू छान झालं, पण मॅडमनी लगेच दुसरा कागद पुढे करायला लावला. वारस वाढले की तुकडे वाढले, आणि त्या तुकड्यांमध्ये माणसं पण होती.

अमेरिकेचा पहिला अध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन, त्याची केस सगळ्यात जास्त वेळ चालली आणि तेवढा वेळ द्यायलाच पाहिजे. अकरा वर्षांचा असताना वडील वारले, वारशात शेत आणि दहा गुलाम. १७५९ मध्ये मार्था कस्टिसशी लग्न, ती विधवा, आणि तिचा पहिला नवरा १७५७ मध्ये मृत्युपत्र न करता गेलेला. त्यामुळे कायद्याने विधवेला एक तृतीयांश, पण फक्त हयातीपुरतं. १९५६ च्या आधी आपल्याकडे विधवेला जो मर्यादित हक्क असायचा तो आठवा, वापरायचं पण विकायचं-द्यायचं नाही, साधारण तसंच. म्हणजे माउंट व्हर्ननवरचे, वॉशिंग्टनच्या इस्टेटीवरचे, हे गुलाम मार्थाचे पण नाहीत आणि वॉशिंग्टनचे तर नाहीतच, ते कस्टिस वारसांचे. १७९९ मध्ये तिथे ३१७ माणसं गुलामीत होती, त्यातली १२३ वॉशिंग्टनच्या मालकीची आणि १५३ या विधवा-हिश्श्यातली, बाकीची बहुतेक भाड्याने आणलेली. त्याने त्याच वर्षी मृत्युपत्र केलं की मार्थाच्या मृत्यूनंतर माझे सगळे मोकळे, त्याचा खास नोकर विल्यम ली एकटा लगेच मोकळा. पण इतक्या वर्षांत दोन्हीकडच्या लोकांची आपापसात लग्नं झालेली. आयझॅक सुतार वॉशिंग्टनचा, त्याची बायको किटी आणि तिच्या मुली कस्टिसांच्या. मार्थाने १ जानेवारी १८०१ ला नवऱ्याच्या हिश्श्यातले लोक सोडले, आयझॅकसारखे मोकळे झाले आणि बायकापोरं तिथेच. १८०२ मध्ये ती गेली आणि उरलेली माणसं चार नातवंडांमध्ये वाटली गेली. ही यादी दुसऱ्या कागदावर उतरवताना माझा हात थांबला, खरंच सांगते.

ओना जज पण याच हिश्श्यातली, मार्थाची खास मोलकरीण. नातीला लग्नात भेट द्यायचं ठरलंय हे कळल्यावर १७९६ मध्ये फिलाडेल्फियाहून पळाली, न्यू हॅम्पशायरला लग्न केलं, मुलं झाली, आणि ती मुलं एका स्वतंत्र माणसाची असूनही १६६२ च्याच नियमाने कागदावर कस्टिसांची. १८४८ ला गेली तेव्हाही ती कायद्याने फरारीच होती.

तिसरा अध्यक्ष थॉमस जेफरसन, त्याच्या केसमध्ये माझ्या कामाचं एक मोठं सूत्र सापडलं. सासरा जॉन वेल्स १७७३ मध्ये गेला, मोठी इस्टेट आणि इंग्लंडच्या व्यापाऱ्यांचं मोठं कर्ज ठेवून. जावयांनी कर्ज फेडायच्या आधीच वाटणी करून घेतली आणि कर्ज प्रत्येकाच्या वैयक्तिक अंगावर आलं. कुठल्याही सर्च रिपोर्टवाल्याला हे ऐकून धस्स होईल. जेफरसनच्या वाट्याला साधारण १३५ गुलाम आले, त्यात बेटी हेमिंग्ज ही गुलाम बाई आणि तिची मुलं, ज्यातली काही वेल्सचीच होती असं इतिहासकार मानतात. म्हणजे जेफरसनच्या बायकोच्या हिश्श्यात तिच्या सख्ख्या बापाचीच मुलं. जेफरसन १८२६ मध्ये एक लाख डॉलरच्या वर देणं ठेवून गेला, मृत्युपत्रात पाच जणांना मोकळं केलं, आणि जानेवारी १८२७ मध्ये १३० माणसं विकायला काढली. जो फॉसेट लोहार त्या पाचांपैकी, पण त्याची सुटका मृत्यूनंतर एक वर्षाने, त्यामुळे बायको-मुलं विकली गेली तेव्हा तो स्वतः अजून गुलामच होता. अकरा वर्षांचा मुलगा पीटर वेगळा विकला गेला. फॉसेटने पुढे कमाई करून घरच्यांना परत मिळवायची धडपड केली, पीटर पुढे ओहायोत पाद्री झाला.

आता तक्रारी. झेरॉक्स फार फिकट, मूळ हस्ताक्षराच्या कागदांवर तर काही दिसतच नाही, निदान पीडीएफ व्हॉट्सअॅपवर टाका ना. हॉल दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, ज्येष्ठ मंडळींना त्रास होतो. टू-व्हीलर लावायला जागा मिळाली तर नशीब. पहिला तास अमेरिकन राज्यघटनेवर गेला, तो काढून टाकला तरी चालेल.

पण माझी मोठी तक्रार वेगळी आहे. मालकिणींवर जवळजवळ काहीच नाही. लग्नात मुलीला जमिनीऐवजी गुलाम द्यायची पद्धत दक्षिणेत सर्रास होती, आणि मिसिसिपीचा १८३९ चा बायकांच्या मालमत्तेचा कायदा, ज्याला स्त्रियांच्या हक्काचं पाऊल म्हणतात, त्यातली बरीचशी कलमं बायकोच्या नावच्या गुलामांबद्दल आहेत. बायकांना हक्क मिळतोय आणि तो हक्क कशावर मिळतोय, यावर एक अख्खी संध्याकाळ चर्चा व्हायला हवी होती. तसंच व्हर्जिनियाचा जमीनदार रॉबर्ट कार्टर याने १७९१ मध्ये दस्त करून साडेचारशेच्या वर माणसं सोडायला घेतली, तेही जिवंतपणी, ते दोन वाक्यांत उरकलं. वॉशिंग्टनच्याच काळात, त्याच राज्यात हे शक्य होतं, हे लोकांना ठासून कळायला हवं. आणि पुण्यात वर्ग घेताय तर जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये आपलं पुस्तक अमेरिकेतल्या गुलामांना मोकळं करणाऱ्या लोकांना अर्पण केलं होतं, त्यांचा वाडा इथून जवळ गंज पेठेत आहे, यावर फक्त एक स्लाइड? एवढंच?

तरी पाचपैकी चार स्टार नक्की. फी दोन हजारांच्या आत, चहा मिळतो, प्रश्न विचारले की मॅडम टाळत नाहीत, उत्तर नसेल तर पुढच्या वेळी शोधून आणतात. एलएलबीच्या मुलांनी तर जाच, वारसाहक्काच्या पुस्तकात हिस्सा हा फक्त अपूर्णांक असतो, इथे त्या अपूर्णांकाला नावं लावावी लागतात. कायद्याची ओळख नसेल तरी जमतं, फक्त पहिल्या दिवशी वंशावळ काढायला नीट शिकून घ्या, नाहीतर कस्टिस कुटुंबात गोंधळ उडेल. पुढच्या बॅचसाठी मालकिणींचा विषय घ्या असं मी फीडबॅक फॉर्मवर लिहून आलेय, तुम्ही जाणार असाल तर तुम्हीपण लिहा.