एका दिवसासाठी किनोसाकी की कुसात्सू?
दोन्ही जपानमधली गरम पाण्याच्या झऱ्यांची गावं. हातात एकच दिवस असेल तर मी किनोसाकी म्हणेन. क्योटोहून थेट रेल्वे, साधारण अडीच तास. स्टेशनाबाहेर पडलं की गावच सुरू. ओतानी नदीकाठी विलोची झाडं, युकाता (हलका सुती किमोनो) घालून गेता म्हणजे लाकडी चपला टकटक वाजवत हिंडणारी माणसं आणि सात सार्वजनिक स्नानगृहं. टॅटू असला तरी तिथे अडवत नाहीत. हिवाळ्यात खेकडा खा, खिसा मात्र सैल ठेवा.

कुसात्सूला रेल्वे जातच नाही, शेवटचा टप्पा बसचा. पण पाणी! युबाताके, म्हणजे गावाच्या मधोमध असलेल्या झऱ्याच्या लाकडी पन्हाळींतून वाफाळत धावणारं, आम्लधर्मी, गंधकाने इतकं भरलेलं की चांदीचे दागिने काढूनच उतरावं. कढत पाणी लांब फळ्यांनी घुसळून निववतात, ते जरूर बघा. अंघोळीची खरी हौस असलेल्यांनी इकडेच यावं. नवख्यांना चटका बसेल.