सरासरी चेहरा की साठलेली उदाहरणं?

चिमणी पक्षी आहे हे चटकन सांगता येतं. पेंग्विनपाशी मात्र क्षणभर अडखळायला होतं. असं का, याची दोन उत्तरं मानसशास्त्रात बरीच वर्षं भांडत आली आहेत.

पहिलं आदिनमुन्याचं. १९७०च्या दशकात एलेनॉर रॉश यांनी मांडलं की डोक्यात ‘पक्षी’सारख्या वर्गाची काटेकोर व्याख्या नसतेच. असतो तो एक नमुनेदार चेहरा, म्हणजे त्या वर्गाची जणू सरासरी. समोरची गोष्ट त्याच्या जितकी जवळ, तितकी ओळख झटपट. स्मरणशक्तीवर भारही कमी.

दुसरं उत्तर मेडिन आणि शॅफर यांचं, १९७८ मधलं. पाहिलेली एकेक उदाहरणंच मनात साठतात आणि नवी गोष्ट त्यांच्याशी ताडली जाते. ऐकायला ही उधळपट्टी वाटते. पण सरासरीत काय हरवतं ते बघा: छोटे पक्षी बहुधा गातात, मोठे सहसा गात नाहीत, हे आपल्याला ठाऊक असतं. सरासरी काढली की आकार आणि गाणं सुटे होतात. उदाहरणांत त्यांची जोडी शाबूत राहते.

पोस्नर आणि कील यांनी १९६८ मध्ये ठिपक्यांची एक मूळ आकृती थोडी थोडी विस्कटून केलेल्या आकृत्याच दाखवून लोकांना वर्ग शिकवले, तरी कधीही न दाखवलेली मूळ आकृती लोकांनी चांगली ओळखली. आदिनमुन्याचा विजय? तसं नाही. मूळ आकृती सगळ्या आठवणींच्या मधोमध पडते, म्हणून ती साऱ्यांशीच जुळते, असं उदाहरणवादी म्हणतात, आणि तेही पटतं.

माझा कल उदाहरणांकडे, निदान वर्ग लहान असेल तेव्हा.